आमच्या मांगं याचं कसं होईन?

सभासद बंधू-भगिनींनो,

दरवेळी या पानावर लागण, खोडवा व खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे.

रिसोड तालुक्यात ऊसनोंदीसाठी गेलो असता एका सभासदांच्या घरी चहाला बसलो. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला, नमस्कार करून शेजारी बसला. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. माउली म्हणाल्या, "रात्री लाईन आली की हे ओलिताला जातात, मी याच्याजवळ. वीस वर्षांत दोघं मिळून एका लग्नाला गेलो नाही, साहेब. लोक म्हणतात, गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं असेल. अन् आमच्या मांगं याचं कसं होईन?"

पहिली गोष्ट ग्रहणाची. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत २१ वे गुणसूत्र एक जास्तीचे असते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले. जगात साधारण हजार जन्मांत एखादे असे मूल असते. यात ग्रहणाचा संबंध नाही, आईचा दोष नाही, बापाचाही नाही. हा ठपका गावाने आता उतरवावा.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. यांतील जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. म्हणून हृदय, कान, डोळे व थायरॉईड यांची तपासणी टाळू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांना मूल अवश्य दाखवावे. लवकर व्यायाम व बोलण्याचा सराव मिळाला तर मूल पुष्कळ शिकते.

तिसरी गोष्ट 'आमच्या मांगं'ची. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान ठरते. मग आईबापही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. त्याआधी दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलीत द्यावा. शेअर्सचे नामनिर्देशन व सातबारा यांचा विचारही हातपाय चालतात तोवरच करावा, आणि पुढे जबाबदारी घेणाऱ्या भावाबहिणीला समोर बसवून बोलावे.

शेवटी शेजाऱ्यांना विनंती. पाण्याची पाळी आपण एकमेकांसाठी सांभाळतोच. तशी एखादी संध्याकाळ या घरीही सांभाळा. त्या मुलाशी दोन गोष्टी बोला, आईबापांना एक लग्न जेवून येऊ द्या. कागदपत्रांत अडचण आल्यास गट ऑफिसात या. अर्ज आपण मिळून भरू.

आपला,
ऊस विकास अधिकारी