ट्रान्सफर केसचा आवाज: बिघाड कधी, कधी नाही

फोर व्हील ड्राइव्ह गाडीखालून खटखट आली की 'ट्रान्सफर केस गेली' असे लगेच ठरवले जाते. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी. पार्ट-टाइम पद्धतीत (फोर व्हील गरजेपुरतेच लावायचे असते ती) फोर व्हील लावल्यावर ही पेटी पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते जमत नाही, म्हणून गाडी अडखळते, खटखटते. हा बिघाड नव्हे. तिथे टू व्हीलच लावावे.

मातीच्या सरळ रस्त्यावर फोर व्हीलमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच कटकट होऊन झटका बसला, तर पेटीतली साखळी ताणलेली असू शकते. सायकलची सैल चेन चढावर दातांवरून उडते, तसेच हे. अर्थात साखळी सगळ्याच पेट्यांत नसते. मारुती जिप्सीत नुसते गिअर असतात. टू व्हीलमध्येही वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल, तर संशय बेअरिंगवर (शाफ्टला आधार देणारी छऱ्यांची कडी) किंवा कमी तेलावर.

तेल आधी पाहा. ड्रेन प्लगच्या (तेल काढायच्या बुचाच्या) चुंबकावर बारीक राखाडी लेप चालतो. बोटाला टोचणारे धातूचे कण दिसले, तर पेटी उघडावीच लागते. साखळी बदलताना तिची झिजलेली दातेरी चाके आणि सील त्याच वेळी बदलून घ्या. तेल मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरा.