प्रत्येक दाणेदार सावली क्षयाची नसते

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपके विखुरलेले दिसताच आपल्या डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षयरोग यावा, हे स्वाभाविकच आहे. बाजरीच्या दाण्यांची उपमा क्षयाच्या अशा बारीक गाठींना 1700 पासून दिली जाते. तथापि, अशीच दाणेदार सावली फुप्फुसाच्या कर्करोगाचीही असू शकते.

कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे पसरल्या की त्या फुप्फुसभर लहान लहान गाठी पेरतात. खोकला, धाप, घटणारे वजन ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच असतात. त्यातच दाणेदार क्षयात थुंकीची तपासणी पुष्कळदा नकारात्मक येते. परिणामी, जंतूंचा पुरावा नसतानाही क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने निसटतात.

भेद ओळखण्याच्या खुणा सीटी स्कॅनमध्ये सापडू शकतात. ठिपक्यांच्या गर्दीत एखादी मोठी, खडबडीत कडांची गाठ, फुप्फुसातील पडद्यांची जाडी किंवा मणक्यांतील डाग दिसल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. अंतिम निर्णय मात्र दुर्बिणीतून किंवा सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरच घ्यावा लागतो. कधीकधी दोन्ही रोग एकाच रुग्णात असतात, हेही विसरता कामा नये.

हा विलंब विशेष खेदजनक आहे, कारण असा दाणेदार प्रसार झालेल्या अनेक रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातील बदल आढळतो. धूम्रपान न करणाऱ्यांत आणि स्त्रियांत तो तुलनेने अधिक दिसतो. त्यावर गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारख्या गोळ्या उपलब्ध आहेत. त्या रोग समूळ घालवीत नसल्या, तरी आयुष्य वाढवू शकतात. उलट, क्षयावरील रिफॅम्पिसिन या गोळ्यांचा प्रभाव घटवते.

डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हाताने वाहून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र चित्र काढणे सोपे झाले की त्याच्या अर्थाची जबाबदारी वाढते. पुराव्याविना सुरू केलेल्या क्षयोपचाराचा ठरावीक मुदतीत फेरविचार व्हावा, सुधारणा नसल्यास स्कॅन व तुकड्याची तपासणी व्हावी आणि ही सोय जिल्हा रुग्णालयात मिळावी. क्षयाशी लढताना कर्करोगाकडे डोळेझाक होणार नाही, एवढी दक्षता व्यवस्थेने घेतलीच पाहिजे.