एका टेबलाच्या दोन बाजू

मागील वर्षी कन्येकडे, अमेरिकेतील यूटा राज्यात, महिनाभर राहण्याचा योग आला. शेजारी सत्तरीतले एक दांपत्य राहत असे. गृहस्थ निवृत्त अभियंते, बाई निवृत्त शिक्षिका. ‘लेटर-डे सेंट्स’ या १८३० साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती पंथाचे ते अनुयायी. फिलिपिन्समधील आपल्या मिशनच्या कार्यालयात दीड वर्ष सेवा करून ते नुकतेच परतले होते. सेवा विनावेतन, राहण्या-जेवणाचा खर्चही पदरचा.

मिशन म्हणजे प्रवचने, अशी माझी समजूत. त्यांचा दिनक्रम ऐकून ती पार बदलली. या पंथातील तरुण दोन वर्षे व तरुणी दीड वर्ष घरापासून दूर, जोडीजोडीने भाड्याच्या खोल्यांत राहून धर्मप्रसार करतात. त्यांचा संसार सांभाळणे हे कार्यालयाचे काम. सकाळी आठला कुलूप उघडायचे. यजमानांकडे भाडेकरार, वीज-पाण्याची बिले आणि गाड्यांची दुरुस्ती. बाईंकडे टपाल, पार्सले, व्हिसाचे कागद. सुमारे दर सहा आठवड्यांनी बदल्या होत, तेव्हा दोघांना श्वास घ्यायला फुरसत नसे. दुपारचा डबा त्याच टेबलावर, समोरासमोर बसून.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे कुतूहल जागे झाले ते आजारी मुलांविषयी. अठरा-वीस वर्षांचे वय, परका देश आणि डेंग्यूचा ताप! २०१९ पासून या मुलांना दर आठवड्याला घरी फोन करण्याची मुभा आहे. त्यापूर्वी नाताळ आणि मातृदिन, एवढेच दोन प्रसंग असत. तरीही ताप आला की मुले आईला काळजी नको म्हणून आधी बाईंनाच कळवीत. त्या रोज वहीत नोंद ठेवीत. “ताप उतरला म्हणून मी नाव खोडत नसे,” त्या म्हणाल्या. “पोटात दुखते का, उलट्या होतात का, लघवी किती वेळा झाली, हे पुढचे दोन दिवस विचारीत असे.” मी चकित झालो. डेंग्यूतील खरा धोका बहुधा ताप उतरतानाच उभा राहतो, हे पालकांना पटवताना माझी निम्मी हयात गेली!

त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूशी आपण सहमत असावे, असे मुळीच नाही. मला भावले ते निराळेच. “चाळीस वर्षे आम्ही एका घरात राहिलो, एकत्र काम मात्र तिथेच केले,” असे यजमान सहज बोलून गेले. माझी पत्नी त्यावर काहीच बोलली नाही. परतीच्या विमानात मात्र तिने विचारले, “आपले टेबल कुठे आहे हो?”

अठ्ठावीस वर्षे मी दवाखान्यात आणि ती जेवणाची ताटे झाकून घरी. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

इंदूरला परतल्यावर आम्ही एका धर्मादाय दवाखान्यात दर गुरुवारी दुपारी जाऊ लागलो. मी मुले तपासतो. ती लसीकरणाची नोंदवही सांभाळते आणि चुकलेल्या मुलांच्या घरी फोन करते. पहिल्याच महिन्यात तिने माझ्या नोंदीतील तीन चुका दाखवल्या. घरी मी वाद घातला असता. तिथे निमूटपणे दुरुस्त केल्या.

व्यवसायबंधूंनो, निवृत्तीचे नियोजन करताना आपण ठेवींचा हिशेब चोख करतो. त्यात एका टेबलाची आणि समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्यांचीही तरतूद असावी, एवढीच विनंती.