चुंबकी कण टोचले म्हणून माणूस चुंबक होत नाही

जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लशीनंतर नाणी आणि चमचे चिकटत असल्याची चित्रफीत देशभर फिरली. लशीमुळे असं होत नाही, असा खुलासा केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाला करावा लागला. तरीही चुंबकी नॅनोकणांवरून जनुकीय औषध पेशीत पोचवण्याच्या संशोधनाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "म्हणजे तेव्हा लशीत चुंबक होतंच!"

नव्हतं. कोव्हिशिल्डचा डोस अर्धा मिलिलिटर. घटकांची यादी जाहीर आहे आणि तीत लोह नाही. मॅग्नेशियम क्लोराइड आहे, पण त्याला चुंबक ओढत नाही. चपटं, हलकं नाणं घामट, तेलकट कातडीला चिकटतं. टाल्कम पावडर चोळा, पडेल. पितळी चमचाही चिकटत असेल, तर चुंबकाचा संबंधच संपला.

बरं, खरंच चुंबकी कण टोचले तर? तेही वर्षानुवर्षं टोचले जात आहेत. फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं इंजेक्शन. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या लोहाच्या कमतरतेसाठी मंजुरी मिळाली. एका डोसात ५१० मिलिग्रॅम लोह असतं. त्याने तीव्र ॲलर्जी होऊ शकते, एमआरआयच्या चित्रात तीन महिन्यांपर्यंत फरक दिसू शकतो. पण माणूस चुंबक होत नाही. इतके बारीक कण बाहेरचं चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात. पुढे यकृत आणि प्लीहेतल्या पेशी त्यांना गिळतात आणि लोह शरीराच्या साठ्यात जातं.

जनुकीय औषध नेणाऱ्या कणांवरचं आवरण म्हणजे शोभेचा मुलामा, हीही समजूत चुकीचीच. आवरण नसेल तर कणांच्या गुठळ्या होतात. शिवाय पॉलिइथिलिनइमिनसारख्या आवरणावर धन प्रभार असतो, त्यामुळे ऋण प्रभाराचं डीएनए किंवा आरएनए त्याला धरून राहतं. प्रयोगशाळेत पेशींची बशी चुंबकाच्या पाटावर ठेवली की हे कण काही मिनिटांत पेशींवर ओढले जातात.

म्हणून चुंबक फिरवून औषध शरीरात हवं तिथे नेता येतं का? नाही. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. खोलवरच्या अवयवांबाबत खरं दुखणं तेच. जनुकीय उपचार म्हणजे वंशच बदलणार का? तेही नाही. एसआयआरएनए, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे, फक्त ठरलेल्या जनुकाचा संदेश तोडतात, आपल्या डीएनएला हात लावत नाहीत.

सगळ्यात घातक समज म्हणजे एचआयव्हीवर या कणांचा इलाज निघाला आहे. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाच्या गटाने चुंबकी-विद्युत कणांवरून क्रिस्पर हे डीएनए कापणारं साधन नेऊन मेंदूतल्या पेशींमधला सुप्त एचआयव्ही दाबून दाखवला. हा निबंध २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. पण प्रयोग बशीतल्या पेशींवरचा होता, माणसावरचा नव्हे. माणसांवर ईबीटी-१०१ ही क्रिस्पर चाचणी झाली, तीही चुंबकी कणांनी नव्हे, तर निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून. तिच्यात ज्यांनी एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळ्या थांबवल्या, त्यांच्यात विषाणू पुन्हा वाढल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. तेव्हा अशी बातमी वाचून कुणीही गोळ्या सोडू नयेत. एचआयव्हीवरच्या उपचारांच्या सरकारी (एआरटी) केंद्रात त्या मोफत मिळतात.