पाण्याचा ड्रम रिकामा का होत नाही, हे शोधायलाही स्कॉलरशिप मिळते!

जळगाव असो की धुळे, नळाला पाणी आलं की घरात एकच धावपळ. ड्रम, टिपाड, हंडे, कळशा, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. कारण पुढचं पाणी कधी येईल याचा काही भरवसा नाही.

मग पावसाळ्यात आरोग्य विभागाची माणसं दारावर येतात. टॉर्च मारून ड्रममध्ये बघतात, अळ्या दिसल्या की सांगतात, "ताई, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा."

सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याआधी भांडी घासून कोरडी केली की साखळी तुटते.

पण ज्या घराला पाणीच आठ दिवसांनी येतं, त्या घरातली बाई भरलेला ड्रम ओतून देईल का?

बैठकीत या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मिळतं: "लोक ऐकत नाहीत." लोक का ऐकत नाहीत, हे शोधणं मात्र समाजशास्त्रज्ञाचं काम. आणि त्यासाठी जगात प्रशिक्षणाची ग्रँट मिळते, हे आपल्याकडे एमए किंवा एमएसडब्ल्यू करणाऱ्या बहुतेक पोरांच्या कानावरही येत नाही.

ही ग्रँट देतं कोण?

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत एक विशेष कार्यक्रम सुरू झाला. उष्णकटिबंधीय आजारांवरचं संशोधन आणि प्रशिक्षण हे त्याचं काम. थोडक्यात नाव टीडीआर, ऑफिस जिनिव्हात. आज युनिसेफ, यूएनडीपी, जागतिक बँक आणि डब्ल्यूएचओ असे चौघे मिळून त्याला पाठबळ देतात.

मलेरिया, हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार अशा आजारांपासून सुरुवात झाली. हे गरिबांचे आजार. त्यावर औषध शोधून फार नफा नाही, म्हणून कंपन्या फिरकत नव्हत्या.

पण औषध सापडलं तरी ते माणसाच्या पोटात जाईलच असं नाही, हे लवकरच लक्षात आलं. म्हणून सुरुवातीच्या काही वर्षांतच टीडीआरने सामाजिक आणि आर्थिक संशोधनासाठी वेगळा विभाग केला.

समाजशास्त्रज्ञ तिथं जाऊन करतात काय?

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच घ्या.

कुष्ठरोगावर १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी आला. सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो, औषध मोफत. तरीही लोक चट्टा लपवतात. का?

टीडीआरमध्ये सामाजिक संशोधनाचं काम पाहिलेल्या कॅरॉल व्लासॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र आणि बिहारमधल्या रुग्णांवरचा अभ्यास १९९६ मध्ये मांडला. त्यात दिसलं की आजाराची झळ पुरुषांनाही बसते, पण एकटेपणा बाईच्या वाट्याला जास्त येतो. सगळ्यात मोठं दुखणं कोणतं? तर घरातल्यांनी स्पर्श टाळणं, आपण घरात नाहीच असं वागणं. रक्त तपासून हे कळलं नसतं. त्यासाठी बाईजवळ बसून तिचं ऐकावंच लागतं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. कुष्ठरुग्णांना लोकांच्या नजरेचा किती त्रास होतो, हे मोजायचं कसं? मिचेल वाइस, डी. आर. दूनगाजी आणि त्यांच्या टीमने मुंबईतल्या रुग्णांशी बोलून मुलाखतीची एक पद्धत बनवली. नाव 'एमिक'. १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढे कितीतरी देशांत, वेगवेगळ्या आजारांसाठी वापरली गेली.

आणि डेंग्यू? टीडीआर आणि कॅनडाच्या आयडीआरसीने आशियातल्या काही शहरांत अभ्यास केला, त्यात चेन्नई होतं. तिथं "पाणी ओता" एवढंच सांगून थांबले नाहीत. वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन भांड्यांना झाकणं दिली. पाणी घरात राहिलं आणि डासाची वाट बंद झाली. आधी लोकांची अडचण समजून घेतली, मग उपाय काढला.

मग स्कॉलरशिप कशी मिळते?

टीडीआर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना 'इम्प्लिमेंटेशन रिसर्च'मध्ये मास्टर्स करायला मदत करतं. सोप्या भाषेत सांगायचं तर चांगली योजना प्रत्यक्षात कुठं अडते, याचा अभ्यास. या योजनेत ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठ आणि इंडोनेशियातलं गदजा मादा विद्यापीठ राहिलं आहे. फी, राहण्याचा खर्च, प्रवास असा भार योजनेतून उचलला जातो. प्रवेशाच्या अटी आणि तारखा दरवेळी त्या त्या विद्यापीठाच्या जाहिरातीत बघायच्या.

लगेच परदेशी जायचं नसेल तर टीडीआरचा याच विषयावरचा मोफत ऑनलाइन कोर्स आहे. भारतातही रस्ते आहेत. आयसीएमआर आरोग्य संशोधनाला पैसे देते, तर आयसीएसएसआर १९६९ पासून समाजशास्त्रांच्या संशोधनाला.

यात खान्देशचा संबंध काय?

बाहेरचा संशोधक प्रश्नावली घेऊन येईल. पण यावल, चोपडा, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यावर पावरी किंवा भिलीत बोलावं लागतं. साक्रीच्या गावात अहिराणीत विचारलं की समोरची आजी मोकळी होते. कामासाठी गुजरातकडे गेलेलं कुटुंब गावात कधी परततं, हे शेजारच्या गावच्या पोराला माहीत असतं. हत्तीरोगाच्या मोहिमेत दिलेली गोळी समक्ष गिळायला का सांगतात? कारण वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांचा हिशेब जुळत नाही. ती गोळी फडताळात का राहते, हे घरातलं माणूस ओळखीच्याच माणसाला सांगतं.

जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याखाली येतात. समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकणारी पोरं इथं आहेत, आजारही इथंच आहेत. राहिलं ते दोघांची गाठ घालून देणं.

तोपर्यंत दरवर्षी पावसाळ्यात तेच होणार. टॉर्च ड्रममध्ये पडणार, अळ्या दिसणार आणि रजिस्टरमध्ये नोंद होणार. पण ड्रम का भरलेला आहे, हे त्या ताईला कुणी विचारणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी एमए, एमएसडब्ल्यू करून "आता पुढे काय?" म्हणत बसलं असेल, तर त्याला हे नक्की पाठवा.