विमानाची वाट : अंतर आणि वेळ

गेल्या पावसाळ्यात एका शाळेस भेट दिली, तेव्हा सातवीत भूगोलाचा तास चालला होता. दिल्लीहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोस विमानाने जावयाची सर्वांत जवळची वाट कोणती, असा प्रश्न होता. गुरुजींनी भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून आडवी रेघ ओढली. एका मुलाने मात्र कपाटावरील पृथ्वीगोल उतरवून त्यावर दोरा ताणला. दोरा उत्तरेकडे, सैबेरियावरून आर्क्टिक महासागराकडे गेला. वर्ग हसला, मुलास खाली बसविण्यात आले. मीही गप्प राहिलो, याची रुखरुख अद्याप आहे. कारण उत्तर त्या मुलाचेच बरोबर होते.

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना ध्रुवांकडील प्रदेश ताणून रुंद करावे लागतात. त्यामुळे नकाशावरील सरळ रेघ ही पृथ्वीवरील जवळची वाट असतेच असे नाही. गोलावर ताणलेला दोरा मात्र आपोआप बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, बसतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणून एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. वरील दोरा २९ सेंटिमीटरांच्या किंचित पुढे भरतो. अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर येते.

प्रत्यक्षात विमान तंतोतंत दोऱ्यावरून जात नाही. वाटेत सुमारे ४,५०० मीटर उंचीचे तिबेटचे पठार आहे. विमानातील हवेचा दाब अकस्मात घटल्यास सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते. तेथे तेवढी जागाच नाही.

वेळेचा प्रश्न याहून मनोरंजक आहे. ‘अंतर भागिले वेग’ हे सूत्र खोटे नाही, परंतु वेग कोणाच्या सापेक्ष, हे आपण मुलांना सांगत नाही. विमान हवेत चालते आणि हवा स्वतः वाहत असते. नदीतील होडीसारखेच हे. समशीतोष्ण कटिबंधात सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. एअर इंडियाचे याच मार्गावरील विमान पूर्वी अटलांटिकवरून, वाऱ्यास तोंड देत, सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट १,४०० किलोमीटरांनी लांबली, तरी १५,३०० किलोमीटरांचा प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर झाला. सरासरी वेग मुलांकडूनच काढवून घ्यावा. ताशी १,०५५ किलोमीटर येईल. तो वाऱ्याने दिलेला आहे.

घड्याळाचे गणित शेवटी घालावे. दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोहोचते, तेव्हा तेथे त्याच तारखेची सकाळचे ६ वाजलेले असतात, कारण उन्हाळी वेळेनुसार तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. पुष्कळ मुले प्रवास दोन तासांचा सांगतील. त्यांना लगेच चूक म्हणू नये. तोच दोरा पुन्हा त्यांच्या हाती द्यावा. शाळेत पृथ्वीगोल नसेल, तर रबरी चेंडूवर शाईने दोन ठिपके देऊनही काम भागते.