बी शिफ्ट आणि काळा पट्टा

भिलाईच्या सेक्टर १०मध्ये मुलाला आयकिडो शिकवायचं मनात आलं, की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: सरांना मेडल कोणतं मिळालंय? कुस्तीच्या वस्तादाला किंवा ज्यूदोच्या कोचला हे विचारणं रास्तच आहे. आयकिडोच्या सरांकडे मात्र बहुधा दाखवायला एकही मेडल नसेल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. या जपानी युद्धविद्येच्या मुख्य परंपरेत सामनेच होत नाहीत. मग सर मुळात सर झाले कसे, हे ओळखायचं कशावरून?

सुरुवात मूळ पुरुषापासूनच करू. मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) हे दाइतो-र्यू नावाचं जुनं जुजुत्सू सोकाकू ताकेदांकडे शिकले. दोघांची गाठ पडली १९१५ साली, होक्काइदो बेटावर. आणि १९२२ साली ताकेदांनी त्यांना शिकवण्याचा अधिकार लेखी दिला. म्हणजे ज्यानं पुढे आयकिडो घडवला, त्यालाही आधी कुणीतरी ‘आता तू शिकव’ असं लिहून दिलं होतं. ती रीत आजही चालू आहे. तोक्योच्या शिंजुकू भागात होम्बू दोजो (दोजो म्हणजे सरावाची जागा) हे आयकिकाई संस्थेचं मुख्य केंद्र आहे. तिथल्या प्रमुखांना दोशू म्हणतात. सध्या हे पद उएशिबांचे नातू मोरितेरू यांच्याकडे आहे. आयकिकाईशी जोडलेल्या दोजोतल्या काळ्या पट्ट्याचं प्रमाणपत्र, दोजो जगात कुठंही असो, दोशूंच्याच नावानं निघतं.

परीक्षेला बसायचं तर होम्बू आधी दिवस मोजतं. पाचव्या क्यूला, म्हणजे अगदी खालच्या पायरीला, निदान ३० दिवसांचा सराव लागतो. पुढच्या चार पायऱ्यांना अनुक्रमे ४०, ५०, ५० आणि ६० दिवस. त्यानंतर आणखी ७० दिवस झाले आणि वय १५ पूर्ण असलं, की पहिल्या दानची, म्हणजेच काळ्या पट्ट्याची, परीक्षा देता येते. बेरीज ३०० दिवसांची झाली. दुसऱ्या दानला निदान एक वर्ष आणि २०० दिवस, तिसऱ्याला दोन वर्षं आणि ३०० दिवस, चौथ्याला तीन वर्षं आणि ४०० दिवस.

हे आकडे टाउनशिपच्या वेळापत्रकात बसवून पाहा. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वर्ग धरला, तर वर्षाला जेमतेम १०० दिवस भरतात. एकही खाडा न करता काळ्या पट्ट्याला तीन वर्षं. पण माणूस भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये फिरत्या पाळीवर असेल आणि तीनांतला एक आठवडा बी शिफ्टमध्ये, म्हणजे दुपार ते रात्रीच्या पाळीत, जात असेल, तर त्या आठवड्यातली संध्याकाळ गेलीच. उरले ६६-६७ दिवस. तीन वर्षांची साडेचार होतात. चौथ्या दानपर्यंतचे एकूण १,२०० दिवस भरायला त्याला अठरा वर्षं लागतील. परीक्षेची तयारी, लग्नकार्य, गावी जाणं हे मी धरलेलंच नाही.

म्हणून नोकरी सांभाळून शिकलेला शिक्षक कच्चाच असणार, असं कुणी म्हणालं की मला मोरिहिरो साइतो आठवतात. १९४६ साली, अठराव्या वर्षी, ते इवामा गावी उएशिबांकडे आले. पोटापाण्यासाठी त्यांची रेल्वेत नोकरी होती. चोवीस तास ड्यूटी, मग चोवीस तास सुटी. ज्या दिवशी सुटी, त्या दिवशी गुरूच्या दारात. सकाळी बाकीचे आपापल्या कामाला गेले, की गुरूसमोर तलवार-काठीच्या सरावाला हेच उरत. गुरू जाईपर्यंत, तेवीस वर्षं, त्यांनी हा क्रम सोडला नाही. पुढे इवामाचा दोजो त्यांनीच सांभाळला. पाळीच्या नोकरीनं त्यांना गुरूचा एकांत मिळवून दिला, असं म्हटलं तरी चालेल.

गवयाला आपण घराणं विचारतो, तसं आयकिडोच्या सरांनाही विचारावं: तुमचे गुरू कोण, आणि त्यांचे कोण? उत्तरावरून वर्गात काय होणार, हे बरंचसं कळतं. साइतोंच्या परंपरेत लाकडी तलवार नि काठी हातात लवकर येते. गोझो शिओदांच्या योशिनकानमध्ये उभं कसं राहायचं, पाय किती वळवायचा हे कवायतीसारखं घोटून घेतात. तोक्योच्या दंगलविरोधी पोलिसांचं प्रशिक्षण त्यांच्याकडे होत आलं आहे. केंजी तोमिकी मूळचे ज्यूदोचे, जिगोरो कानोंचे शिष्य. त्यांनी आयकिडोतही सामने आणले, त्यामुळे त्यांच्या शाखेतल्या सरांना मेडल जरूर विचारा! कोइची तोहेईही ज्यूदोतूनच आले, पण १९७४ साली आयकिकाईतून बाहेर पडून त्यांनी ‘की’च्या, म्हणजे चित्त नि श्वासाच्या, साधनेवर भर दिला. चौघांचे गुरू एकच आणि वर्ग चार तऱ्हेचे.

या ३०० दिवसांत माणूस करतो काय? निम्मा वेळ पडतो. आयकिडोत जोडीनं सराव असतो: एकजण हल्ला करतो, तो उके, दुसरा त्याला वळवून टाकतो, तो नागे. काही फेऱ्यांनी अदलाबदल. सर एखादी क्रिया समोरून, मागून, डावी-उजवीकडून करून दाखवतात, तेव्हा त्यांच्यापुढे हल्ल्याला उभा असतो त्यांचा तयारीचा विद्यार्थी. उद्याचा शिक्षक तिथं घडतो. सरांचं वजन कुठून कुठं जातं, हात कधी सैल होतो, हे बघून कळत नाही. अंगावर घेतल्यावर कळतं. पडण्याच्या या विद्येला उकेमी म्हणतात, आणि ती कच्ची राहिलेला माणूस शिकवायला धोक्याचा. शिहोनागे या क्रियेत समोरच्याचा हात दुमडून त्याला मागे टाकतात. नवख्याला घाईनं टाकलं तर डोकं मॅटवर आपटतं. चांगले सर तिथं समोरच्याला झेपेल इतकंच टाकतात.

काळ्या पट्ट्याचं कौतुकही जरा बेतानंच करावं. शोदान या शब्दाचा अर्थ ‘सुरुवातीची पायरी’. आयकिकाईच्या पदव्यांत दुसऱ्या-तिसऱ्या दानला मिळणारी ‘फुकुशिदोइन’ ही पदवी सहायक शिक्षकाची. चौथ्या-पाचव्याला ‘शिदोइन’, म्हणजे पुरता शिक्षक. आणि ‘शिहान’ सहाव्या दानपासून पुढे. लहान गावात पहिल्या-दुसऱ्या दानचे सर वर्ग चालवतात, तेही गैर नाही. फक्त त्यांच्या वर कुणी आहे का, आणि ते स्वतः वर्षातून किती वेळा त्या वरच्या शिक्षकाकडे पांढऱ्या पट्ट्यावाल्यांच्या रांगेत बसून शिकतात, एवढं विचारून घ्यावं. प्रमाणपत्र कुणाच्या नावानं आहे, तेही बघावं.

फी भरण्याआधी एक अख्खा वर्ग कडेला बसून बघायला मिळतो का, ते पाहा. चपला दाराशी काढा. नजर सरांवर नको, त्यांच्याकडून पडून उठणाऱ्या नवख्यावर ठेवा. पुन्हा हल्ला करायला तो आपणहून पुढे येतोय, की पाय ओढतोय?